मुख्यालयी कोण राहतं?

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



भाषण करायची मला सवय नाही. सदतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, पण तिथे आम्हां नर्सबायांना उभं करायचे ते आकडे सांगण्यापुरतं. किती बाळंतपणं, किती लसी, ऑपरेशनच्या किती केसेस. आकडा कमी पडला की बसायचं नाही, उभंच राहायचं. आज तुम्ही मला आकड्यांच्या पलीकडचं सांगायला बोलावलंत, तर जमेल तसं सांगते.

विषय दिला आहे, ‘दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी का टिकत नाहीत?’ पहिल्यांदा या शब्दाबद्दलच बोलते. ‘टिकत नाहीत’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर डॉक्टर असतो. एमबीबीएस झालेला, बंधपत्राचं एक वर्ष कसंबसं काढणारा आणि पुढच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन शहराकडे निघालेला. त्याच्यावर चर्चा होतात, समित्या नेमल्या जातात. पण त्याच आरोग्य केंद्राच्या पुढे, डोंगरात, पाड्यावर कोणीतरी राहतंच आहे. बाळंतपण करतंय, गोळ्या वाटतंय, मेलेल्या मुलाची नोंद करतंय. ती कोण? ती बाई आहे. आणि ती टिकते कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ती टिकणारच असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे.

मी १९८६ साली लागले. दहावीनंतर दीड वर्षाचा एएनएमचा कोर्स केलेला. माझं गाव शहाद्याजवळचं, सपाटीवरचं. पहिली नेमणूक मिळाली धडगावच्या बाजूला, सातपुड्यात. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा नियम. सपाटीवर पाच हजार. ऐकायला काम कमी वाटतं. पण ते तीन हजार लोक एका गावात नसतात. या टेकडीवर सहा घरं, त्या टेकडीवर चार. मधे नाला. पावसाळ्यात नाला म्हणजे दोन दोन दिवस वाट बंद. आणि मला पावरीचा एक शब्द येत नव्हता. पोट दुखतं म्हणणाऱ्या बाईला मी हातवारे करून विचारायची, किती दिवस?

उपकेंद्राची इमारत म्हणजे दोन खोल्या. एकीत तपासणी, दुसरीत मी. संडास नव्हता. दाराला कडी होती, पण चौकट कुजलेली, जोराने ढकललं की कडीसकट दार उघडायचं. रात्री कोणी दार वाजवलं की आधी मनात हिशेब, बाळंतपणाचा निरोप आहे की दारू प्यालेला माणूस? बाळंतपण असेल आणि दार उघडलं नाही, तर बाई मरेल. दारू प्यालेला असेल आणि उघडलं, तर माझं काय? त्यावर मी एक उपाय काढला होता. आधी दाराआडूनच विचारायचं, ‘बरोबर बाई कोण आली आहे? तिला बोलू दे.’ कोर्समध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं. नंतर समजलं, प्रत्येक नर्सबाईने आपापला असाच काहीतरी उपाय काढलेला असतो.

आमच्या खात्यात एक शब्द आहे, ‘मुख्यालयी राहणे’. म्हणजे नेमणुकीच्या गावी मुक्काम करणे. राहिली नाही तर घरभाडे भत्ता बंद, नोटीस, सर्व्हिस बुकात शेरा. राहते हे सिद्ध करायला गावाचा दाखला आणा, ग्रामसभेचा ठराव आणा. कागदावर उपकेंद्राला एक बाई आणि एक पुरुष कर्मचारी. १९७३ च्या कर्तारसिंग समितीपासून ही कल्पना आहे. प्रत्यक्षात पुरुषाची जागा कित्येक ठिकाणी रिकामी. भरलेली असली तरी तो संध्याकाळी मोटरसायकलला किक मारून तालुक्याला जातो. त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण बाळंतपण रात्री येतं आणि ते बाईचं काम. मुख्यालयी राहण्याचा सगळा नियम शेवटी बाईच्या अंगावर पडतो.

आता टार्गेटबद्दल बोलते, कारण तुमच्याशी माझी पहिली भेट त्यातूनच झाली. त्या काळात वर्षाला ऑपरेशनच्या इतक्या केसेस आणल्याच पाहिजेत, असा हुकूम असायचा. नाही आणल्या तर पगार थांबवू, बदली करू. मार्च महिना आला की आम्ही पाड्यापाड्याने बायांची विनवणी करत फिरायचो. काही वेळा विनवणीच्या पुढेही जायचो. हे मी लपवणार नाही. तीन मुली असलेल्या बाईला, एक मुलगी आजारी असताना, ‘ऑपरेशन करून घे, नाहीतर औषध मिळायचं नाही’ असं मी एकदा बोलले आहे. औषध दिलं मी तिला, पण बोलले ते बोललेच.

१९९३-९४ च्या सुमाराला एका संघटनेचा मोर्चा आमच्या आरोग्य केंद्रावर आला. ‘बाईच्या शरीरावर सरकारची सक्ती नको.’ घोषणा बरोबर होती. पण डॉक्टर रजेवर होते आणि व्हरांड्यात मी एकटी उभी होते. तुमच्यासारख्याच बाया माझ्याकडे बोट दाखवून विचारत होत्या, ‘तुम्ही बाई असून असं कसं करता?’ मला रडू आलं, रागही आला. पगार थांबेल या भीतीने मी ते करत होते, हे मला तेव्हा बोलता आलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाही. एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने टार्गेटची पद्धत बंद केली. त्यात तुमच्या चळवळीचा वाटा आहे, आणि त्याने माझ्यासारख्यांची सुटका झाली, निदान कागदावर तरी. पण आपण तेव्हा एकमेकींशी बोललो असतो, तर लढाई सोपी झाली असती.

गावची सून

पुढे मी एलएचव्ही झाले, म्हणजे आरोग्य सहाय्यिका. आमच्या भाषेत सुपरव्हिजन. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर आशा आली. हजार लोकसंख्येला एक, डोंगरात त्याहून कमी वस्तीलाही. आशा कोण असावी, हे मार्गदर्शक सूचनांमध्ये दिलेलं होतं. त्याच गावची रहिवासी, शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित, पंचवीस ते पंचेचाळीस वयाची. लग्न न झालेली मुलगी शक्यतो नको. का? कारण तिचं लग्न झालं की ती सासरी जाईल आणि प्रशिक्षण वाया जाईल.

मी निवडीच्या ग्रामसभांना बसले आहे. तेव्हा हे सगळं व्यवहाराचं वाटलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, सरकारला कर्मचारी टिकवण्याचा रामबाण उपाय सापडला होता. डॉक्टर पळतो, नर्स बदली मागते. मग पळू न शकणारं माणूस कोण? गावची सून. तिला घर द्यायला नको, ती नवऱ्याच्या घरात राहते. तिला संरक्षण द्यायला नको, ते सासरच्यांचं काम. आणि ती सोडून जाणार नाही, कारण जाईल कुठे? लग्न नावाच्या बेडीचा उपयोग करून आपण दुर्गम भागाचा आरोग्य कर्मचारी टिकवला. आणि ती आयती टिकलेली म्हणून तिला पगारही द्यायचा नाही. द्यायचं ते ‘मानधन’ आणि ‘मोबदला’. ती नोकर नाही, ‘स्वयंसेविका’.

शब्द नीट बघा. मान आहे, धन नावापुरतं. एक हिशेब सांगते. बाळंतपणानंतर आशाने बाळाला बघायला घरी जायचं. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी. वजन, ताप, श्वास, दूध ओढतं की नाही, सगळं बघून फॉर्म भरायचा. २०११ मध्ये हे काम आशांकडे आलं तेव्हा सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर मिळून अडीचशे रुपये ठरले. एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. आमच्याकडे त्या एका भेटीसाठी अर्धा दिवस डोंगर चढावा लागतो. आणि ते कुटुंब मधेच ऊसतोडीला गुजरातेत गेलं तर भेटी अपुऱ्या, मग फॉर्म अपुरा, मग पैशांसाठी भांडा.

हे काम काही फालतू नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षाला तिथलं नवजात बाळांच्या मृत्यूंचं प्रमाण बासष्ट टक्क्यांनी कमी झालं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्याच्याच आधारावर पुढे आशांचं हे काम देशभर गेलं. म्हणजे बाळं वाचवणारं काम आहे हे सिद्ध झालेलं आहे. फक्त ते करणारीच्या हाताचा भाव ठरवताना कोणाला ते आठवलं नाही.

मग गावची बाई नेमूच नये का? माझं तसं म्हणणं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. तिथे गावोगाव आरोग्य पोचवलं ते गावातल्याच बायांनी. त्यांतल्या कित्येक निरक्षर, दलित, टाकलेल्या. पण त्या एकदाच शिकून मोकळ्या झाल्या नाहीत. नियमाने जामखेडला एकत्र जमायच्या, शिकायच्या, एकमेकींची सुखदुःखं ऐकायच्या, आणि पुन्हा गावात जायच्या. त्यांच्यामागे एक दवाखाना उभा होता, अडलेली बाई पाठवली तर तिथे तिला परत फिरवत नसत. आपल्या आशेच्या मागे कोण उभं आहे? ती पेशंट घेऊन रात्री ग्रामीण रुग्णालयात जाते तेव्हा तिला बसायला खुर्ची नसते, आणि पेशंट दगावली तर नातेवाईक तिलाच धरतात. सकाळी तिला त्याच गावात, त्याच नळावर पाण्याला जायचं असतं.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाहेरची नर्स संकट आलं तर बदली मागू शकते. गावची बाई सरकारचं काम करते आणि गावातच राहते. राजस्थानातल्या भंवरीदेवी तुम्हाला माहीत आहेत. त्या महिला विकास कार्यक्रमाच्या साथीण होत्या, म्हणजे अशाच मानधनावरच्या गावकामगार. बालविवाह थांबवायला गेल्या, ते सरकारनेच सांगितलेलं काम होतं. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्या प्रकरणातून संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ मध्ये विशाखा निकाल आला. आज प्रत्येक ऑफिसात त्या निकालाचं नाव घेतात. पण ज्या प्रकारच्या बाईमुळे तो निकाल लागला, त्या प्रकारच्या बाईपर्यंत तो किती पोचला?

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘कर्मचारी’ कोणाला म्हणायचं, त्याची व्याख्या वाचा. मोबदला मिळो वा न मिळो, स्वयंसेवक म्हणून काम करत असली तरी ती कर्मचारी. म्हणजे या कायद्याच्या दृष्टीने आशा कर्मचारी आहे, आणि तिला रोज राबवणाऱ्या खात्याच्या दृष्टीने नाही. त्याच कायद्यात जिल्ह्याला स्थानिक समिती आहे, जिथे अशी बाई तक्रार करू शकते. मी सुपरव्हिजनला असताना एका बैठकीत आशांना विचारलं, या समितीचं नाव कोणी ऐकलं आहे? एकही हात वर आला नाही. लाज मला वाटली, कारण सांगायचं काम माझं होतं.

मी लिहिलेला रिपोर्ट

लाजेचीच आणखी एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय खाली बसले तर हे भाषण खोटं होईल.

माझ्या हाताखाली एक कंत्राटी एएनएम होती. तेवीस-चोवीस वर्षांची. कायम नर्स करते तेच काम, पण करार अकरा महिन्यांचा आणि पगार त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी. तिला आठ महिन्यांचं बाळ होतं. उपकेंद्रात वीज कधी असायची, कधी नसायची. बाळाला विंचू चावेल म्हणून ती घाबरायची. ती तालुक्याला खोली घेऊन राहायला लागली. रोज सकाळी जीपला लटकून यायची, चार वाजता परत जायची. दोनदा रात्रीची बाळंतपणं आशेने एकटीने निभावली. गावातून तक्रार आली. वरून मला विचारलं, ‘मुख्यालयी राहते का?’ मी लिहिलं, राहत नाही.

ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, ‘मॅडम, दार तरी नीट करून द्या. मी आजपासून राहते.’ मी म्हटलं, ‘अगं, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला आहे, मंजूर व्हायचा आहे.’ तो प्रस्ताव दोन वर्षांपासून पडून होता, हे मला ठाऊक होतं. दार मंजूर व्हायला दोन वर्षं, आणि तिला कमी करायला तीन आठवडे. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण पूर्ण खरंही लिहिलं नव्हतं. त्या रिपोर्टात दाराचा उल्लेख नव्हता, विजेचा नव्हता, बाळाचा नव्हता. तसा रकानाच फॉर्ममध्ये नव्हता, आणि रकान्याबाहेर लिहायची हिंमत मी केली नाही. ती गेल्यावर ती जागा दीड वर्ष रिकामी राहिली. दीड वर्ष ती आशा एकटी होती. म्हणजे आम्ही नियम पाळला आणि पाड्यावरची नर्स घालवली.

कुजलेल्या दाराआड मी स्वतः सहा वर्षं झोपले होते. तरी मला वाटत होतं, आम्ही काढलं, तर यांना काय होतंय? सासूची ही भाषा असते. ती माझ्या तोंडात कशी आली, याचा विचार मी निवृत्त झाल्यावर करते आहे.

कौतुकाने पोट भरत नाही

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा आमच्याच जिल्ह्यात नर्मदेच्या काठावरची एक अंगणवाडीताई, मागून आणलेली होडी स्वतः वल्हवत, धरणाच्या पाण्यापलीकडच्या पाड्यांवर जात होती. मुलांचं वजन करायला, गरोदर बायांना बघायला. पेपरात फोटो आले, सत्कार झाले. व्हायलाच हवेत. पण होडी मागून का आणावी लागली, हे किती जणांनी विचारलं? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जिनिव्हात गौरव केला. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. २०२३ च्या शेवटी पुन्हा संप झाला, आणि २०२४ च्या थंडीत आझाद मैदानावर बाया लेकरं घेऊन बसल्या. त्यानंतर राज्याने वाढ दिली. म्हणजे मिळालं ते संपाने मिळालं.

उपाय काय, ते कोणाला माहीत नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये याच प्रश्नावर शिफारशी केल्या. त्याच भागातली मुलं-मुली शिकायला घ्या, शिक्षण त्या भागात द्या, राहायला नीट घर द्या, कामाची जागा सुरक्षित ठेवा, वर चढायला पायऱ्या द्या. आपल्याकडे २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी आणि पोषण आहाराच्या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या, असं सांगितलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. दिशा ठरलेली आहे. चालायला लावणारं कोणी हवं.

ते काम तुमच्या-माझ्यासारख्यांनी करायचं आहे. मी चार गोष्टी सुचवते.

पहिली. तुमच्या गावच्या उपकेंद्रात जाऊन बघा. दाराला कडी आहे का, संडास आहे का, पाणी आहे का, रात्री दिवा लागतो का? हे कागदावर लिहून ग्रामसभेत मांडा. नर्स मुख्यालयी राहते का, हे विचारायचा गावाला हक्क आहेच. पण त्याच ठरावात मुख्यालय राहण्यासारखं आहे का, हेही लिहून घ्या.

दुसरी. आशेजवळ बसून तिच्या एका आठवड्याचा हिशेब मांडा. किती चालली, किती रात्री गेल्या, किती पैसे आले, पदरचे किती गेले. आपण घरकामाचा हिशेब मांडायला शिकलो, तसाच हा.

तिसरी. जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते, तिच्यावर कोण आहे, हे शोधून काढा आणि आशांच्या बैठकीत जाऊन सांगा. सुपरव्हायझर सांगतील म्हणून थांबू नका. मी सांगितलं नव्हतं.

चौथी. पावरी, भिली, कोरकू, माडिया बोलणाऱ्या मुलींना नर्सिंगच्या कोर्सला पाठवा. वसतिगृह, फी, घरच्यांची समजूत, जे लागेल त्यात त्यांच्या पाठीशी उभ्या राहा. दहा वर्षं आशा म्हणून राबलेल्या बाईला पुढे शिकून नर्स होता आलं पाहिजे, अशी मागणी करा. आशेला आयुष्यभर आशाच ठेवायची, हे मला मान्य नाही. आणि शिकल्यावर ती डोंगर सोडून शहरात गेली, तर तिला नावं ठेवू नका. जायचा हक्क असलेली बाई जेव्हा राहते, तेव्हाच ती स्वतःच्या मनाने राहिली असं म्हणता येतं.

एक निरोप देऊन थांबते. इथे यायच्या आधी त्या आशेला फोन केला होता, दीड वर्ष एकटीने काढलं ती. म्हटलं, शिबिरात बोलायचं आहे, तुझ्याकडून काय सांगू? म्हणाली, ‘सांगा की उपकेंद्राचं दार अजून तसंच आहे. आता नवीन पोरगी आली आहे. ती माझ्या घरी झोपते.’

प्रश्न असतील तर विचारा.